दिघेबाईंचा बोलण्याचा वर्ग

पहिल्याच दिवशी दिघेबाईंनी मला तीनदा खाली बसवलं, आणि तिन्ही वेळा माझं बोलणं अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं.

पहिल्यांदा मी उभा राहिलो, शर्ट नीट केला आणि म्हणालो, "नमस्कार, मी आपल्यासमोर दोन शब्द बोलण्यासाठी उभा आहे."

"आठ झाले," बाई मान वर न करता म्हणाल्या. "बसा."

दुसऱ्यांदा मी सावध झालो. "सर्वप्रथम मी आपणा सर्वांचे आभार मानतो."

"कशाबद्दल? अजून तुम्ही आम्हाला काही दिलं नाही, आम्ही तुम्हाला काही दिलं नाही. बसा."

तिसऱ्यांदा मी फक्त नाव सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लांडगे, तुम्ही आत्ता तुमचं नाव फरशीला सांगितलंत. तिला काय करायचंय त्याचं?"

सगळे हसले. हसणाऱ्यांमध्ये एक बँकेचे अधिकारी होते, एक कृषी सहायक, एक विमा एजंट आणि एक तरुण डॉक्टरीण. सगळे आपापल्या कामात तरबेज आणि चार माणसांपुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडणारे. नगरच्या सावेडी भागात बाईंचं छोटं रो-हाऊस होतं. त्याच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या अकरा खुर्च्या मांडून दर रविवारी दुपारी चारला हा वर्ग भरायचा. वर्गाला नाव नव्हतं. 'बाईंकडं बोलायला जातो' एवढंच आम्ही म्हणायचो.

बाई स्वतः सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसायच्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि मनगटावर आतल्या बाजूला तबकडी फिरवलेलं घड्याळ. मांडीवर ताट. ताटात भाजी. वर्गाची फी म्हणजे येताना आणलेली पालेभाजीची एक जुडी. मेथी, चुका, राजगिरा, काहीही चालायचं. फक्त शेपू आणली की बाईंचे यजमान, दिघेकाका, नाराज व्हायचे. आम्ही पुढं उभं राहून बोलायचो आणि बाई मागं बसून भाजी निवडायच्या.

"माझे हात चालू असले म्हणजे तुमचं बोलणं वाऱ्यावर गेलं म्हणायचं," त्या नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगायच्या. "माझे हात थांबले, म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलताय."

आमच्यासारखी घोड्याएवढी वाढलेली माणसं त्या हातांकडे डोळे लावून बोलायची. बँकेच्या अधिकाऱ्यांनी एकदा पंधरा मिनिटं कर्जवाटपाची माहिती दिली, तेवढ्यात बाईंनी दोन जुड्या मेथी आणि एक जुडी राजगिरा निवडून ठेवला. ते बसल्यावर म्हणाल्या, "साहेब, तुमच्यामुळं उद्याच्या डब्याची सोय झाली."

मी त्यांच्याकडे गेलो त्याला कारण घडलं होतं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आम्ही पंपांचे सुटे भाग बनवतो. आमचा एक भाग पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे वारंवार तुटत होता. महिनाभर खपून मी शोधून काढलं, की भाग बरोबर आहे, तो बसवताना त्यांच्याकडे जास्त आवळला जातोय. त्यांची माणसं आली तेव्हा मी चौतीस स्लाइड दाखवल्या. पडद्याकडे तोंड करून एकेक ओळ वाचली. सहाव्या स्लाइडला सगळे मोबाईलमध्ये होते. शेवटी त्यांचे साहेब म्हणाले, "फाइल पाठवून द्या." फाइल कुणी उघडली नाही. दोष आमच्या माथी राहिला, आणि त्या भागाचं काम करणाऱ्या आमच्या मशीनवरच्या जुन्या कामगाराला दुसरीकडे टाकलं. त्याची काही चूक नव्हती. ते मला माहीत होतं, पण मला ते सांगता आलं नव्हतं.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या लोकांनी सोमवारी सकाळी कामावर जाऊन काय करावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"आवळायचा जोर कमी करावा."

"हे चौतिसातल्या कितव्या पानावर होतं?"

मी आठवून सांगितलं, "एकतिसाव्या."

"मग तीस पानं कशाला? आणि पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवायला तुम्ही कशाला? त्यांना वाचता येतं की."

दोन महिन्यांनी पुन्हा बैठक झाली तेव्हा मी एक चांगला भाग आणि एक तुटलेला भाग खिशात घालून गेलो. दोन्ही त्यांच्या साहेबांच्या हातात दिले आणि म्हणालो, "हा कुठं तुटलाय ते बोटानं बघा." त्यांनी बोट फिरवलं, शेजारच्याला दिला. भाग हातोहात फिरत टेबलाच्या टोकापर्यंत गेला. मग मी बोललो. सात मिनिटं लागली असतील. आमचा तो कामगार महिन्याभरात आपल्या मशीनवर परत आला. रविवारी मी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्याला काय सांगितलंत?"

"कुणाला?"

"तुमच्या त्या माणसाला. त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं राहिलंच की तुमचं."

सोमवारी गेलो आणि बोललो. ते भाषण सगळ्यात अवघड गेलं.

बाई मूळच्या शिक्षिका नव्हत्या. नगरच्या स्टँडवर त्यांनी सव्वीस वर्षं उद्घोषणा केल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागतेय, कुठलीला उशीर आहे, कुणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडतंय. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा आवाज ऐकला असेल, पण चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. निवृत्त झाल्यावर एके दिवशी सावेडीतल्या भाजीवाल्याला त्यांनी विचारलं, "मेथी कशी दिली?" शेजारी उभा असलेला माणूस दचकून इकडेतिकडे पाहायला लागला, जणू त्याची गाडी सुटत होती. तो विमा एजंट होता. त्यानं बाईंना ओळखलं, त्यांची मेथी उचलून घरापर्यंत आणून दिली आणि दारातच हट्ट धरला, "बाई, मला बोलायला शिकवा. गिऱ्हाइकापुढं माझी बोबडी वळते." वर्ग असा सुरू झाला.

बाईंचा आवाज खरोखर गोड होता. पण आवाजाचं कौतुक केलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्याचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

वर्गात एक नवा मुलगा आला होता, कुठल्याशा कंपनीत विक्री विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेला. धीरगंभीर आवाज, हातवारे जागच्या जागी, मधेच सुविचार. तो बोलून बसला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंचे हात मात्र क्षणभरही थांबले नव्हते. तो जरा दुखावला. "माझं काय चुकलं, बाई?"

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. "नोकरीला लागून मला तीन वर्षं झाली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझा मला फार अभिमान होता. शब्द कसे घोळवायचे, कुठं लांबवायचे, मी आरशासमोर बसून ठरवायची. एके दिवशी सकाळी पाथर्डीच्या गाडीचा फलाट बदलला. मी सांगितलं. माझ्या परीनं छानच सांगितलं. थोड्या वेळानं एक म्हातारा खिडकीशी आला. धोतर, पटका, हातात पिशवी. गाडी गेली होती त्याची. पाथर्डीकडं बहीण शेवटच्या घटका मोजत होती, तिकडं निघाला होता. माझ्यावर चिडलासुद्धा नाही तो. म्हणाला, 'बाई, तुमचा आवाज लई ग्वाड हाय. आयकत बसावं वाटतं. पन काय बोलल्या ते मला कायबी कळलं न्हाई.'"

बाईंनी गळ्यातला चष्मा पदरानं पुसला.

"पुढची गाडी दोन तासांनी होती. दोन तास तो माझ्या काचेसमोरच्या बाकावर बसून होता. बहीण त्याला भेटली का नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही." त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "दुसऱ्या दिवसापासून मी गाडीचं नाव आधी घ्यायला लागले, फलाट नंतर, आणि दोन्ही दोनदा. घोळवणं बंद. तुझा आवाज चांगला आहे, बाळा. पण मला आत्ता विचारलं की तू काय सांगितलंस, तर मला सांगता यायचं नाही."

त्या मुलानं मान खाली घातली. पुढच्या रविवारी तो परत आला, हे मला त्याच्याबद्दल विशेष वाटलं.

डॉक्टरीण होती तिचं नाव स्नेहा. पाथर्डीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची नेमणूक होती. तो सगळा कोरडवाहू भाग. दसरा झाला की घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. निघण्याआधी बायकांना गोळा करून स्नेहा रक्तवाढीच्या गोळ्यांचं महत्त्व सांगायची. बायका माना डोलवायच्या, गोळ्या न्यायच्या आणि परत आल्यावर त्यांच्या ट्रंकेत पाकिटं तशीच्या तशी सापडायची. स्नेहा रडकुंडीला आली होती. वर्गात तिनं तेच भाषण करून दाखवलं. शरीरातलं लोहाचं प्रमाण, त्याचे घटक, त्याचे परिणाम.

"मला चक्कर आली," बाई म्हणाल्या. "गोळी द्या एक."

पण त्या शनिवारी स्वतः तिच्याबरोबर जीपनं गेल्या. मीही सोबत होतो. समाजमंदिरात पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. बाई त्यांच्यात जाऊन जमिनीवर बसल्या आणि स्नेहाला म्हणाल्या, "आज तुम्ही सांगायचं नाही. गोळ्या का खाल्ल्या नाहीत एवढं विचारायचं, आणि गप्प बसायचं. कितीही वेळ लागू दे."

स्नेहानं विचारलं. कुणी काही बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. स्नेहा तोंड उघडणार, तोच बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवटी कडेला बसलेली एक पोरसवदा बाई म्हणाली, "गोळी खाल्ली की मळमळतंय, म्याडम. मळमळत कोयता कसा चालवायचा?"

एकीनं तोंड उघडल्यावर बाकीच्या बोलायला लागल्या. दुसरी म्हणाली, "पाचटाच्या कोपीत दव पडतंय. गोळ्या इरघळून जात्यात." तिसरी जराशी लाजून म्हणाली, "गोळी खाताना कुनी बघितलं की म्हनत्यात, हिला दिवस गेलेत. मग लपवून ठिवती."

स्नेहा अर्धा तास ऐकत होती. मग तीन मिनिटं बोलली. गोळी रात्री जेवल्यावर घ्या, म्हणजे मळमळ झोपेत जाईल. झाकणाची डबी देते, पाकिटं त्यात ठेवा. आणि टोळीतल्या सगळ्याजणी एकाच वेळी खा, म्हणजे कुणाला दिवस गेलेत ते मोजत बसायची पंचाईतच मिटली. या शेवटच्या वाक्याला बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

परतताना नगर आल्यावर जीपमधून उतरता उतरता बाई म्हणाल्या, "आज तुम्ही भाषण केलंत, डॉक्टरीणबाई." पुढच्या उन्हाळ्यात बऱ्याच डब्या रिकाम्या होऊन आल्या. एका बाईनं रिकाम्या डबीत हळद भरून ठेवली होती. स्नेहानं त्या डबीचा फोटो काढून बाईंना पाठवला.

त्यानंतर पावसाळ्यात काकांचा फोन आला. बाईंच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी होती, भिण्यासारखं काही नव्हतं. सहा आठवडे बोलायचं नाही, एवढं पथ्य. आम्हाला वाटलं, दीड महिन्याची सुट्टी.

सहा आठवडे झाले, आठ झाले, वर्ग सुरू होईना. फोन काका उचलायचे. "तिला बरं आहे, पण येऊ नका," एवढंच सांगायचे. शेवटी एका रविवारी चार वाजता स्नेहा आणि मी न विचारता गेलो. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. बाई खिडकीशी बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी मोबाईल उचलला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि स्नेहापुढं धरला. 'तुम्ही ज्यासाठी येत होता ते आता नाही.'

स्नेहानं वाचलं. मोबाईल खाली ठेवला. "बाई, खरं सांगू? आम्ही तुमच्या आवाजासाठी कधीच आलो नाही. वर्गात तुम्ही बोलायच्याच किती? आमचीच तोंडं चालायची."

बाईंनी मोबाईल पालथा घातला. मग बोलल्या. आवाज फाटलेला होता, खोल गेलेला, पत्र्यावर वाळू ओढावी तसा. दर चार शब्दांनी श्वास घ्यावा लागत होता.

"असा आहे आता," त्या म्हणाल्या. "हाच राहणार म्हणतात डॉक्टर."

"कळतंय की सगळं," मी म्हणालो.

त्या हसल्या, आणि हसताना डोळे भरून आले. काकांनी चहा आणला. तो पिता पिता बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. आयुष्यात त्या एकदाही माणसांपुढं उभं राहून बोलल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं त्यांच्यासमोर काच होती आणि माइक होता. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा हात जोडून खाली बसल्या. "म्हणून मागं बसायची मी," त्या म्हणाल्या. "पुढं उभं राहायला माझे पाय लटपटतात. तुम्हाला शिकवत होते ते सगळं, मला जे जमलं नाही तेच होतं."

दुसऱ्या रविवारी खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या.

दोनेक महिन्यांनी कोल्हारहून बाईंच्या भाच्याची मुलगी आली. प्रतीक्षा नाव, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कोल्हारच्या अलीकडे रस्त्याला लागून बाईंच्या माहेरची वस्ती आहे. एसटीच्या नव्या वेळापत्रकात जलद गाड्यांचे लहान थांबे कमी झाले होते, त्यात वस्तीचा फाटाही गेला होता. सकाळी सातच्या गाडीनं अकरा मुली कॉलेजला जायच्या. आता त्यांना पुढच्या थांब्यापर्यंत तीन किलोमीटर मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत जावं लागत होतं. उसाचे दिवस. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर अंगाला घासून जायचे. दोन मुलींना घरच्यांनी बसवून घेतलं होतं.

"आजी, पुढच्या आठवड्यात एसटीचे साहेब येणारेत कोल्हारला, लोकांचं म्हणणं ऐकायला," प्रतीक्षा म्हणाली. "वस्तीवरचे म्हणतात, तुम्ही बोला. तुम्हाला त्यातलं कळतं."

"अगं, माझा आवाज ऐकलास ना?"

"व्हय, ऐकला. तरी बोला."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. बँकेच्या साहेबांनी बोलावं, स्नेहानं बोलावं, असं त्यांनी सुचवून बघितलं. मी उत्साहानं स्लाइड करून देतो म्हणालो, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडून दिला. शेवटी त्या उठल्या आणि पहिल्यांदाच अकरा खुर्च्यांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक मुठीत. चार वाक्यं बोलल्या आणि पाचव्याला गाडी अडली. कपाळावर घाम. "नाही जमत," म्हणून खुर्चीकडे निघाल्या.

दिघेकाका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. वर्गात ते कधी बोलत नसत. "विमल," ते म्हणाले, "ऐकू आलं. कळलंही. पुढं काय झालं ते सांग की."

बाई थबकल्या. मागं वळल्या आणि पाचवं वाक्य बोलल्या. त्या आठवड्यात आम्ही रोज संध्याकाळी जमलो. बाईंना पुढं उभं करून आम्ही बसायचो, आणि एरवी त्यांनी आम्हाला सुनावलेलं सगळं त्यांना सुनावायचो. त्यांना त्यात गंमत वाटायला लागली होती.

बैठक कोल्हारच्या एका मंगल कार्यालयात होती. तीनशे माणूस असेल. अधिकारी पन्नाशीचे होते, समजूतदार दिसत होते, पण दोन तास ऐकून थकले होते. एकानं चौदा मागण्या वाचल्या, दुसऱ्यानं इतिहास सांगितला, तिसऱ्यानं आरडाओरडा केला. मग बाईंचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या. माइकमधून खरखर आली, ती माइकची की बाईंच्या आवाजाची, तेच कळेना. दोन वाक्यं झाली असतील, मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोला!"

मला वाटलं, संपलं.

त्यांनी माइक खाली ठेवला. हातानं खूण केली. पुढच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, "बाई म्हणत्यात, मला मोठ्यानं बोलता येत नाही. तुमी जवळ या."

मग एक म्हातारी उठली आणि पुढं येऊन सतरंजीवर बसली. तिच्यामागं मुली आल्या. मग खुर्च्या सरकण्याचा मोठा आवाज झाला, आणि सगळा हॉल बाईंभोवती गोळा झाला. साहेबसुद्धा स्टेजवरून खुर्ची घेऊन खाली उतरले.

"मी विमल दिघे. माझं माहेर इथलं," बाई म्हणाल्या. "वस्तीच्या फाट्यावरून अकरा मुली सातच्या गाडीनं कॉलेजला जायच्या. आता नऊ जातात, चालत. दोघींना घरी बसवलंय. त्यांची नावं मी घेणार नाही. त्यांचे वडील इथं बसलेत. त्यांची चूक नाही. त्या रस्त्यावर मीही माझी लेक चालत पाठवली नसती." त्यांनी श्वास घेतला. "साहेब, मी सव्वीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्या. जलद गाडी का लागते, ते मला कळतं. पण थांबून अकरा मुली घ्यायला एक मिनिट लागतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी दिवसाची दोन मिनिटं मागायला आलेय. दुसरं काही नाही."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. आभारही मानले नाहीत.

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. मग हसून विचारलं, "बाई, एका मिनिटात चढल्या नाहीत तर?"

"तर गाडी सोडून द्या," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी बरोबर चढतील."

लोक हसले, साहेबही हसले. महिनाभर करून बघू, असं ते म्हणाले. महिन्यानंतर थांबा कायम झाला. घरी बसवलेल्या दोघींपैकी एक पुन्हा जायला लागली. दुसरीचं तोवर लग्न ठरलं होतं. बाईंनी तिच्या वडिलांना फोन करून ठणकावलं, त्या फाटक्या आवाजात, की लग्न झालं तरी परीक्षेला बसू द्या. पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही.

बाईंना आता बोलावणी येतात. अंगणवाडीच्या सेविका, बचत गटातल्या बायका, ग्रामसेवक. रविवारचा वर्ग बऱ्याचदा स्नेहाच घेते. बाई आठवड्याच्या मधल्या दिवसांत गावोगाव जातात. आतल्या गावांना रिक्षावाले यायला कुरकुरतात, आणि दर वेळी कुणाच्या गाडीवर बसून जायचं बाईंच्या जिवावर येतं.

गेल्या महिन्यात सकाळी मी सावेडीतून जात होतो. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या मैदानाशी काका उभे दिसले, हातात पाण्याची बाटली. म्हणून थांबलो. मैदानात नवी कोरी इलेक्ट्रिक स्कूटर होती. वर हेल्मेट घातलेल्या बाई, साडीचा काचा मारलेला, कोपराला पट्टी. मागची सीट धरून प्रतीक्षा पळत होती. "आजी, हळू! ब्रेकवर बोट ठेवा!"

"कालपास्नं दोनदा पडलीय," काका मला म्हणाले. "चौसष्टावं चालू आहे. मी काही बोलत नाही."

तिसऱ्या फेरीला प्रतीक्षानं हात सोडला. बाईंना ते कळलं नाही. गाडी डुलली, सावरली आणि मैदानाच्या फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली. प्रतीक्षा धापा टाकत ओरडली, "आजी, डावीकडं! डावीकडं वळून परत या!"

डावीकडचा इंडिकेटर लागला. आम्ही तिघं बघत राहिलो. कोपरा आला, पण बाई वळल्या नाहीत. इंडिकेटर लुकलुकत ठेवून त्या सरळ मोठ्या रस्त्याला लागल्या.